पाळण्याचं बटण

डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं, यावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरूनही झाली नाहीत. आणि लग्नावरून काय थोडी झाली होती का!

मी तेव्हा संघटनेचं काम करायची. पत्रकं लिहायची. सातबाऱ्यावर बाईचं नाव लागलं पाहिजे, नळ दारात आला पाहिजे, दारूचं दुकान शाळेपासून लांब गेलं पाहिजे. लिहायचं, छापायचं, एसटी स्टँडवर उभं राहून वाटायचं. लोक घडी घालून खिशात टाकायचे, काही जण शेंगा खाऊन टरफलं त्यातच गुंडाळायचे. तरी मला वाटायचं, शब्द नीट मांडला की जग सरळ होतं. घरातला संगणकही मी पत्रकांसाठीच हट्टानं आणवला होता. त्याच्यावर घरच्या कॅसेटींची डीव्हीडी करायची वेळ येईल असं कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

वेळ आली ती ताईमुळे. ताई पहिल्या बाळंतपणाला कुरुंदवाडहून माहेरी, कसबा बावड्याला आली होती. कॉटवर पाय लांब करून मटार सोलत बसायची आणि एकेक फर्मान काढायची. एक दिवस म्हणाली, "बारशाला मला साडी नको, पाळणा सजवायला नको, काय नको. आईचा पाळणा पाहिजे."

सगळ्यांनी आईकडं बघितलं. ती तिथंच चपात्या लाटत होती.

आईचं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आई गायची. आमच्या गल्लीत कुणाच्या मुलाचं नामकरण ठरलं, की पहिला निरोप आमच्या दारात. त्रिशरण-पंचशील झालं, की बायका पाळण्याभोवती बसायच्या आणि आई उभी राहायची. बसून गायलं तर आवाज पोटातच राहतो म्हणायची. माईक असला तर ठीक, नसला तरी खालच्या गल्लीला ऐकू जायचं. पाळणा तिनं स्वतः रचलेला.

नीज बाळा नीज, उशाला पाटी,
शाळेला जायाची वाट हाय मोठी.

पुढं कडव्यात बाळाचं नाव यायचं, बाळाच्या आईचं यायचं. बापाचं नाव पार शेवटी, आणि तेही चिडवत. प्रत्येक घरी कडवी नवी. कुठं लिहिलेली नव्हती, उभी राहिली की तिला सुचायची.

मग तिच्या गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, आम्ही पेढे वाटले. पण आवाज परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू येईल. आला तो असा, की स्टोव्हमध्ये हवा कमी पडल्यावर जशी नुसती सुस्कारती ज्योत येते, तसा. शेजारी बसलेल्याला ऐकू यायचा, पलीकडच्याला नाही. ती नामकरणांना जायची, मागं बसायची आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवायची.

म्हणून ताई बोलली तेव्हा सगळ्यांनी आईकडं बघितलं.

"आई कशी गाणार?" मी म्हटलं.

"आण्णांच्या कॅसेटी हायत की! टीव्हीवर लावायचा. पोरीला पाळण्यात घातलं, की रिमोटचं बटण दाबायचं, आई सुरू."

"पोरगीच होणार हे ठरलं व्हय?" आण्णांनी विचारलं.

"व्हय. मी ठरवलंय."

आण्णा म्हणजे आमचे वडील. सगळी गल्ली त्यांना आण्णाच म्हणायची. साखर कारखान्यात कामाला. त्यांना मशिनचा नाद. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांनी एका लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि पुढची सातआठ वर्षं दिसेल ते टिपत सुटले. जयंतीची मिरवणूक, लग्नं, नामकरणं, पंचगंगेला आलेला पूर, कारखान्याची चिमणी, आमची दाढदुखी. कॅमेरा बिघडला तेव्हा त्यांचाही नाद सुटला. कॅसेटी मात्र लोखंडी ट्रंकेत कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेल्या. त्या वर्षानुवर्षं कुणी लावून बघितल्या नव्हत्या. लावणार कशावर?

तर आण्णांनी कॅमेरा दुरुस्त करून आणला. संगणकात कॅसेट उतरवून घ्यायचं एक कार्ड बसवलं. डीव्हीडी लिहिणारा ड्राइव्ह बसवला. राहिलं सॉफ्टवेअर, आणि तिथंच गाडी अडली.

ड्राइव्हच्या खोक्यात एक सॉफ्टवेअर फुकट आलं होतं. आण्णांचा जीव त्याच्यावर. कॅसेटीतलं जसंच्या तसं तबकडीवर चढवायचं, बाकी भानगड नाही. "सरळ लावा, सरळ बघा," असं त्यांचं म्हणणं. पण त्यात बटणं करता येत नव्हती. म्हणजे बारशाला पावणं बसलेत, बाळ पाळण्यात आहे, आणि टीव्हीवर आधी मिरवणुकीतला ढोल, मग कुणाचं तरी लग्न, मग चिमणी, आणि आम्ही रिमोट धरून पुढं पळवतोय.

"चिमणी बघून झोपंल की बाळ," आण्णा म्हणाले.

"न्हाय हां, आण्णा. बटण पाहिजे. बटणावर 'पाळणा' लिहिलेलं पाहिजे," ताई म्हणाली.

मग आण्णा राजारामपुरीतल्या एका दुकानातून दुसरं घेऊन आले. कोऱ्या तबकडीवर मार्करनं काहीतरी खरडलेलं, आत ढीगभर सॉफ्टवेअर, सगळी कुलपं तोडलेली. मी भडकले. हे चोरीचं आहे, दुसऱ्याच्या कष्टाचं आहे, आपण मोर्च्यात काय बोलतो आणि घरात काय करतो, असं सगळं बोलून घेतलं. आण्णांनी चष्मा पुसला.

"टेपवर दुसऱ्याच्या कॅसेटीवरनं गाणी भरून घेत हुतीस, तवा कुठं गेलतं तुझं तत्त्व?"

मीच संगणक चालू केला.

ते सॉफ्टवेअर लावलं. त्यात बटणांचे तयार नमुने भरपूर होते. लग्नासाठी तीन मजली केक आणि घंटा. वाढदिवसाला फुगे. सहलीला नारळाची झाडं आणि समुद्र. बाळासाठी एक नमुना होता, त्यात एक लांब पायांचा पक्षी चोचीत फडकं धरून उडत होता आणि फडक्यात बाळ. आई मागं उभी राहून बघत होती. तिच्या त्या सुस्काऱ्यासारख्या आवाजात म्हणाली, "ह्यो बगळा पोराला कुठं न्यायलाय?"

ताई इतकी हसली की आईनं तिच्या पोटावर हात ठेवला. "दमानं, दमानं."

मला मात्र हसू आलं नाही. मला रागच आला. म्हणजे जगात बाळं होतात ती फक्त बगळ्याच्या चोचीतून, लग्नं होतात ती फक्त केक कापून. पांढऱ्या साडीतली नवरी, समोर दोन तसबिरी, मेणबत्त्या, पंधरा मिनिटांत लागलेलं लग्न, याचा नमुना कुणी का केला नाही? मी हे बोलून दाखवलं. आण्णा म्हणाले, "त्यास्नी काय सपान पडलंय का बावड्याचं?" खरं होतं. तरी मला ते पटलं नाही. अजूनही पटत नाही.

तसंही ते चोरीचं सॉफ्टवेअर टिकलं नाही. तबकडी अर्धी लिहून झाली की संगणक गपगार व्हायचा. त्यातच वीज जायची. तेव्हा भारनियमन असं होतं की वेळापत्रक भिंतीवर लावून त्याप्रमाणं दळण-पाणी करायचं. खराब झालेल्या तबकड्या आईनं दोऱ्यात ओवून परसातल्या पेरूला टांगल्या. पाखरं येत नाहीत म्हणाली.

शेवटी मीच त्या राजारामपुरीच्या दुकानात गेले. दुकानदार माझ्याच वयाचा. मी आत शिरल्या शिरल्या चोरीच्या मालावर बोलायला सुरुवात केली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, भाषण झालं असंल तर बसा. तुमाला बिनचोरीचं पाहिजे न्हवं? ह्ये घ्या. कंपनीच म्हणतीया, म्हैनाभर फुकट वापरा. पटलं तर घ्या, न्हायतर सोडा. बटणं तुमची तुम्ही करा, मागं फोटो तुमचा लावा. आन् ह्यात एक गंमत हाय. कॅसेटीत जिथं जिथं कॅमेरा बंद करून परत चालू केलाय, तिथं तिथं ह्ये आपोआप तुकडं पाडतंय. प्रत्येक तुकड्याचं एक चित्र ओळीनं मांडतंय. तुम्ही नुसतं बोट दाखवायचं."

मला तेच हवं होतं. तासन् तास मिरवणुका बघायला वेळ कुणाला होता? मी ठरवलं, हेच. आण्णांनी कुरकुर केली, ताईनं टाळी वाजवली.

आणि मी पहिलं काम केलं ते बटणाचं. आधी पाटी, मग सभा, अशी आमची पद्धत. त्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की काने-मात्रे सुटे होऊन पडायचे. म्हणून मी चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये माउसनं अक्षरं रेखली: पाळणा. मागं आईच्या निळ्या साडीच्या काठाचा फोटो. बटण मधोमध. इतकं देखणं झालं की आण्णाही म्हणाले, "जमलंय." फक्त त्या बटणाला अजून काही जोडलेलं नव्हतं. सॉफ्टवेअर लाल खूण करून तसं सांगत होतं. मी म्हटलं, थांब की बाबा, जोडते.

आण्णा कॅसेटी उतरवत होते. कॅसेट लावायची, चालू करायची आणि कामाला निघून जायचं. संपली की घरात असेल त्यानं दुसरी लावायची. पडद्यावर काय चाललंय ते कुणी बघत बसलं नाही. सगळ्या नामकरणांच्या कॅसेटी उतरल्यावर एका दुपारी ताई आणि मी बसलो. मी त्या तुकडे पाडायच्या बटणावर दाबलं आणि चित्रांची ओळ पडद्यावर मांडली गेली.

पहिलं चित्र, फुलं लावलेला पाळणा. दुसरं, बायका बसलेल्या. तिसऱ्यात आई उभी. हिरवं लुगडं, हातात माईक. ताईनं माझा दंड धरला. "हीच! हीच लाव!"

लावलं. आई उभी राहिली, पदर सावरला, माईकवर बोटानं टकटक केली. आणि तुकडा संपला. पुढचं चित्र टाळ्यांचं. सगळ्या बायका हसत टाळ्या वाजवतायत, आई खाली बसतेय.

"मधलं कुठं गेलं?" ताई म्हणाली.

"सॉफ्टवेअरनं खाल्लं असंल," मी म्हटलं आणि मनात त्या कंपनीसाठी पत्रक लिहायला सुरुवातही केली. मूळ कॅसेट लावून बघितली. तिथंही तेच. टकटक, आणि टाळ्या.

दुसरं नामकरण. आई उठली, माईक घेतला. टाळ्या. तिसरं. आई उठतेय, कुणीतरी तिला पुढं ढकलतंय. टाळ्या. जयंतीच्या कार्यक्रमात दुसऱ्या बायकांची गाणी पूर्ण होती, बेसूर होती तीसुद्धा. लांबलचक भाषणं होती. एका कुत्र्याचं मंडपात शिरणं होतं. आई मात्र प्रत्येक वेळी उभी राहत होती आणि खाली बसत होती. मधे काहीच नाही. ते सॉफ्टवेअर इमानदारीनं बरोबर तिथंच तुकडे पाडत होतं आणि चित्रं शेजारीशेजारी मांडत होतं. आईचं तोंड उघडायच्या आधीचं आणि मिटल्यानंतरचं.

एकाच कॅसेटीत बोट जरा उशिरा दाबलं गेलं होतं. तिथं आई खाकरते, म्हणते, "हॅलो, येतंय का ऐकू?" आणि मग "नी". नीजमधला नुसता नी. ताईनं तो तुकडा परत लावला. परत लावला. मग माउस सोडून दिला.

आण्णा पहिली पाळी करून आले. दारात चपला काढत होते तोवरच मी सुरू केलं. कॅमेरा तुमच्या हातात होता ना? सगळ्या गल्लीच्या बायका दिसल्या, कुत्रं दिसलं, आपली बायको दिसली नाही? आम्ही दारोदार हिंडून सांगतोय, बाईचं नाव लावा, आणि आमच्याच घरात बाई उभी राहिली की कॅमेरा बंद! अजून बरंच बोलले. वाक्यं तयारच होती माझ्याकडं.

आण्णा पडद्याकडं बघत उभे राहिले. हातातली डब्याची पिशवी तशीच.

"गल्लीतली पोरं म्हणायची," ते म्हणाले.

"काय म्हणायची?"

"आण्णा, आता रीळ संपत न्हाय व्हय? घरचंच शूटिंग व्हय? असं मागनं म्हणायची. बायको गायाला उठली आन् मी तिच्यावरच कॅमेरा धरून बसलो, तर लोक काय म्हणतील, वाटायचं. म्हटलं, आपली काय, घरातच हाय. कवाबी भरून घेता यील."

आमच्याकडं असंच होतं. लग्नात वाढताना आपल्या माणसाच्या ताटात शेवटी वाढायचं. सभेत मानपत्रं देताना आपल्या घरचं नाव गाळायचं. कुणी बोट दाखवू नये म्हणून. आण्णांनी तेच केलं होतं, आणि इतक्या वर्षांत त्यांना ते चांगलंच वाटलं होतं.

मी पुढं काही बोलणार, तर आई स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "गप," ती म्हणाली. ऐकू आलं नाही म्हणून हातानं खूण केली आणि माझ्याजवळ आली. "घरात पत्रक नको वाचूस."

"तुला ठावं होतं?" ताईनं विचारलं.

"तर. माझ्यासमूरच बंद करत हुते की. बोट दिसायचं."

"मग आधी का बोलली नाहीस? एवढं सगळं चाललंय, सॉफ्टवेअर, बटण..."

आई कॉटवर बसली. "म्हटलं, एखाद्यात इसरले असतील."

आण्णांनी पिशवी खाली ठेवली. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "बंद केलं की हात मोकळं व्हायचं. टाळ्या वाजवायला." आणि हातपाय धुवायला मागं गेले. बराच वेळ नळ चालू होता.

मला आजही कळत नाही, त्या वाक्याचं मी काय करावं. तेव्हा तर मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला उत्तर हवं होतं आणि ते उत्तर नव्हतं.

ताईला मुलगीच झाली. बारशाचा दिवस आला. कुरुंदवाडहून पावणे आले, गल्ली आली. टीव्हीवर आईनं भरतकामाचा रुमाल टाकून ठेवला होता, त्याला कुणी हात लावला नाही. त्रिशरण झालं, पंचशील झालं. मग ती नेहमीची वेळ आली आणि सगळ्या बायका सवयीनं आईकडं बघायला लागल्या, आणि बघितल्याचं कळल्यावर इकडंतिकडं बघायला लागल्या.

ताई बाळ घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, ऊठ."

आईनं मान हलवली.

"नुसतं सांग. गाऊ नको. ह्या बायका म्हणतील."

आई उठली. भिंतीला हात लावून उभी राहिली, उभीच राहिली, बसली नाही. तिनं एक ओळ सांगितली. पुढं बसलेल्या दोघीतिघींना ऐकू आली, त्यांनी उचलली, मग सगळ्यांनी. तिनं दुसरी सांगितली. कडवी नवी होती. त्यात नात होती, ताई होती, बगळासुद्धा होता, तो म्हणे कुरुंदवाडच्या घाटावर येऊन बाळाची चौकशी करून गेला. बायका हसत हसत गात होत्या. जावईबापूंचं नाव आलं तेव्हा पावण्यांनीच ओरडा केला.

आण्णा कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभे होते. मागनं कुणीतरी म्हणालंच, "काय आण्णा, आज रीळ लई हाय जणू!" आण्णांचं बोट बटणापाशी गेलं. मी बघत होते. बोट तिथं गेलं, थांबलं आणि परत आलं. पाळणा संपेपर्यंत त्यांनी कॅमेरा आईवरून हलवला नाही. टाळ्या झाल्या, त्या त्यांना वाजवता आल्या नाहीत.

फुकटचा महिना संपायला थोडे दिवस होते. मी ती कॅसेट उतरवून घेतली आणि तुकडे पाडायला लावलं. सॉफ्टवेअर बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी पडद्यावर एकच चित्र आलं. आई भिंतीला हात लावून उभी. अख्ख्या कॅसेटीत एकच तुकडा, कुठं तुटलेला नाही. मी तो पाळण्याच्या बटणाला जोडला. लाल खूण गेली.

मग आवाज लावून बघितला. कॅमेरा कोपऱ्यात होता आणि बायका मधे. बायकांचा आवाज खणखणीत आला होता. आई पूर्ण वेळ समोर दिसते, ओठ हलतात, हात हलतो, ओळ सांगून झाली की मान डोलावते. तिचा आवाज त्यात नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत, जिथं ती एकटीच बोलत असणार, तिथं बाळाची कुरकुर आहे आणि पंख्याची घरघर.

तबकडी लिहिली. वीज गेली नाही, संगणक अडकला नाही, पहिल्या फेरीत झाली. ताई ती घेऊन कुरुंदवाडला गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला. पोरगी बटण दाबलं की टीव्हीकडं टकामका बघते म्हणाली, झोपतेसुद्धा. मग म्हणाली, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमदी आईचा आवाज थोडा वाढवता येतोय का बघ की."

मी बघितलं. आवाज वाढवायची पट्टी होती. ती वर सरकवली, की सगळ्या बायकांचा आवाज वाढत होता.